बोट जातं का?

गिअरच्या सायकलला मडगार्ड नसतं हे मला सायकल घेतल्यावर तीन महिन्यांनी कळलं. डोळ्यांना दिसत होतं, पण कळायला पुण्यातला जून महिना उजाडावा लागला.

सायकल मार्चमध्ये घेतली. कर्वेनगरला खोली आणि शिवाजीनगरला ऑफिस, जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर. एप्रिल-मे घामात पण मजेत गेले. मग रात्रभर पहिला दमदार पाऊस पडला आणि सकाळी थांबला. वरून एक थेंब पडत नव्हता, म्हणून मी रेनकोट न घालताच निघालो. ऑफिसच्या लिफ्टमध्ये मागे उभी असलेली सहकारी म्हणाली, "अरे, तुझ्या पाठीवरून कुणाची गाडी गेली का?" बाथरूमच्या आरशात वळून पाहिलं. कमरेपासून मानेपर्यंत चार बोटं रुंद, सरळ, राखाडी पट्टा. कर्वे रोडचा नकाशाच. बूट भिजलेले, आणि ओठांना रेतीची चव, जी मला वाटेत धूळ वाटली होती.

ओल्या रस्त्यावर टायर काय करतं ते एकदा समजून घेतलं की हा सगळा प्रकार उलगडतो. टायर पाणी उचलतं, थोडा वेळ सोबत घेऊन फिरतं आणि मग सोडून देतं. गोफणीतून दगड सुटतो तसं, फिरण्याच्या दिशेने सरळ. मागच्या चाकावरून वर चढताना सुटलेलं पाणी वर आणि पुढे जातं, तिथे तुमची पाठ असते. पुढच्या चाकाच्या खालच्या भागातून सुटलेलं पाणी मागे येतं, तिथे तुमचे पाय आणि चेन. आणि पुढच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेलं पाणी पुढे उडतं, तुम्ही मागून येता आणि त्यातच तोंड घालता. म्हणजे सायकलवाल्याला पाऊस वरून कमी आणि खालून जास्त लागतो. रेनकोट हा वरच्या पावसावरचा उपाय. खालच्या पावसाला मडगार्डच लागतं.

हे मी त्या रात्री घरी फोनवर अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, चाळीसेक वर्षं सायकल चालवलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढे पैसे घेतले अन् मडगार्ड दिलं नाही?"

मी दुकानात हेच विचारायला गेलो होतो. दुकानदाराने आधी हँडलवरचा माझा हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "बसवून देतो साहेब. पण दूधवाल्यासारखं दिसेल."

हे वाक्य मला लागलं, ते का लागलं याची आज लाज वाटते. माझ्या घरातली पहिली सायकल काळी, दांड्याची, सळईच्या ब्रेकची. तिला दोन्ही चाकांवर पत्र्याची जाड मडगार्डं होती. मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला पांढरा रंग, रात्री मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून, आणि त्याखाली रबराची झालर. त्या सायकलवर दूधवाले होते, पोस्टमन होते आणि माझे वडील होते. ते तिघं ज्यात बसतात अशी वस्तू माझ्या नव्या सायकलवर मला नको होती. रविवारी सकाळी खडकवासल्याकडे जाणाऱ्या मुलांच्या सायकलींवर मी मडगार्ड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या पाठीवर पट्टा असायचा. पण तो पट्टा त्यांना शोभायचा, आणि ते काही ऑफिसला जात नव्हते.

मग मी मधला मार्ग काढला, म्हणजे जुगाड. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याची एक बाजू कापली, गरम पाण्यात बुडवून वाकवली आणि सीटखाली दोरीने बांधली. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी वेगात ती अशी फडफडायला लागली की सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, मागे काय पकडलंय. त्यानंतर सीटच्या नळीला चिमट्यासारखी बसणारी प्लास्टिकची तयार शेपटी आणली. तिने पाठ वाचवली, पाय वाचवले नाहीत. ऑफिसात ड्रॉवरमध्ये मोजे ठेवायला लागलो. जुलैच्या मध्याला पूर्ण लांबीच्या मडगार्डचा संच मागवला आणि दुकानदाराला नको म्हणून स्वतःच बसवायचं ठरवलं.

हे काम मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. चाकाच्या आसाजवळ, फ्रेमवर आणि फोर्कवर, छोटी आटे पाडलेली भोकं असतात. विकत घेताना ती मी पाहिलीही नव्हती. त्यात पाच मिलिमीटरचा बोल्ट बसतो, चार नंबरच्या ॲलन कीने फिरतो. मडगार्डपासून या भोकापर्यंत बारीक सळया येतात आणि त्यांची लांबी कमी-जास्त करून मडगार्ड टायरशी समांतर आणायचं. माझं टायर पस्तीस मिलिमीटरचं, मडगार्ड पंचेचाळीसचं. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर तरी जास्त हवं, नाहीतर पाणी कडेने निसटतं. एका बाजूला डिस्क ब्रेक मध्ये येतो. तिथे सळई बाहेर काढायला लांब बोल्ट आणि मध्ये दोन-तीन जाड वायसर घालावे लागले. जास्तीची सळई हॅकसॉने कापली, टोक कानशीने घासलं. खडखड आवाज येत होता, तर जुन्या ट्यूबचे तुकडे जोडांमध्ये घातले. आवाज बंद.

खालची झालरही मीच केली. सोबत आलेली आखूड होती, आणि पाय कोरडे राहायचे तर पुढच्या मडगार्डची झालर जवळजवळ रस्त्यापर्यंत जायला हवी. स्कूटरच्या पायाखालच्या जुन्या रबरी मॅटमधून लांब पट्टी कापली आणि जमिनीपासून चार बोटं वर राहील अशी लावली. मागेही तशीच लावली. मागची झालर खरं तर आपल्यासाठी नसतेच, ती आपल्यामागून येणाऱ्याच्या तोंडासाठी असते. (रविवारच्या मुलांनी मला यासाठी नंतर मान दिला. दूधवाला म्हणून चिडवलंही, पण पावसात माझ्या मागे राहायला त्यांच्यात चढाओढ असायची.)

मी अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. "झकास. बोट जातं का?"

"म्हणजे?"

"टायर अन् मडगार्डमधून बोट गेलं पाहिजे. सगळीकडून. खालून घालायचं अन् वरपर्यंत न्यायचं."

मी पाहिलं, जात होतं. थोडं घासत, पण जात होतं.

अण्णांच्या बोटामागे काय होतं ते मला तेव्हा अर्धंच माहीत होतं. त्यांची शाळा गावापासून सात किलोमीटरवर, त्यातले शेवटचे दोन-अडीच किलोमीटर पांदणीचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळी रानं. काळी माती ज्यांनी पावसात तुडवली आहे त्यांना सांगायला नको. ती चिकटते, मग तिच्यावर ती चिकटते, पायातली चप्पल ताटाएवढी होते. सायकलचं चाक वीसेक पावलांत मडगार्डखाली गच्च भरतं आणि फिरायचं थांबतं. मग माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. कॅरिअरला एक बांबूची कामटी अडकवलेली असायची, चिखल कोरून काढायला. पण कामटीनेही भागायचं नाही. म्हणून मृग लागला की अण्णा एका रविवारी अंगणात सायकल उलटी करायचे, दोन्ही मडगार्डं काढायचे आणि माळ्यावर टाकायचे. हस्ताचा पाऊस संपला की पुन्हा बसवायचे. म्हणजे ज्या चार महिन्यांसाठी मडगार्ड असतं त्याच चार महिन्यांत आमच्या घरी ते माळ्यावर असायचं. पाठीवर पट्टा घेऊन ते शाळेत पोचायचे. तिथे कपाटात एक पँट आणि एक सदरा ठेवलेला असायचा. माझे ड्रॉवरमधले मोजे मला माझी कल्पना वाटली होती.

लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. आता वाटतं की मडगार्डचं खरं शास्त्र त्यांनाच माहीत होतं. डांबरावर मडगार्ड म्हणजे सोय. काळ्या मातीत तेच मडगार्ड म्हणजे ब्रेक. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली रिकामी जागा ही त्या यंत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती विकत मिळत नाही, बसवणाऱ्याने ठेवायची असते.

हे सगळं मी आता लिहितोय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की अंगठ्याएवढी फट ठेवली की मडगार्ड गबाळं दिसतं. इंटरनेटवर परदेशातल्या सायकलींचे फोटो असतात. त्यात मडगार्ड टायरला इतकं लागून असतं, इतकं एकसारखं वळलेलं, की वाटावं चाकाचीच सावली आहे. मला तशी रेषा हवी होती. माझ्या सायकलवर ती जमली नाही. दुसऱ्या सायकलवर मी ती जमवली.

दुसरी सायकल धाकटीची.

धाकटी पुढच्या वर्षी एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात आली, माझ्याच खोलीवर. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली. सकाळी सहाला निघायची, रात्री दहाला यायची. बसने जाण्यात वेळ जातो म्हणून एका सहकाऱ्याची जुनी सायकल मी तिला घेऊन दिली. सव्वीस इंची चाकं, जाड टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर. मे महिन्याच्या शेवटी तिने विचारलं, "दादा, माझ्या सायकलला पण तुझ्यासारखं करून दे ना." मला फार बरं वाटलं होतं.

अडचण अशी होती की त्या पुढच्या फोर्कला खाली भोकंच नव्हती. शॉकॲब्सॉर्बरच्या बऱ्याच फोर्कला नसतात. वरच्या आडव्या पुलाला एक भोक होतं, मडगार्ड तिथे लटकलं, पण सळया कशाला बांधायच्या? मी हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याच्या पाइपला लावतात त्या लोखंडी होज क्लिपा आणल्या. फोर्कच्या दोन्ही पायांना त्या आवळल्या, त्यात सळया पकडल्या आणि पेचकसाने जीव खाऊन पिळल्या. मग मडगार्डला धरून सायकल हलवून बघितली. मडगार्ड तसूभर हललं नाही. मला वाटलं, याला म्हणतात काम.

आणि रेषा. ती रेषा जमली होती. टायर आणि मडगार्डमध्ये चार-पाच मिलिमीटर, सळया आखूड कापून आणखी जवळ ओढलेलं. खालच्या टोकाला थोडं जास्त अंतर राहत होतं, वर पुलाखाली जरा कमी, कारण तिथे जागाच नव्हती. बाजूने बघितलं तर कुणालाही कळलं नसतं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. आईने हात जोडले. अण्णांनी लिहिलं, "छान. बोट जातं का?"

मी अंगठा पाठवला.

बोट घालून पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नव्हती, जाणार नाही हे मला माहीत होतं.

जुलैत एका सकाळी, रात्री वारा-पाऊस होऊन गेल्यावर, ती डीपी रोडने म्हात्रे पुलाकडे चालली होती. झाडांखालचा रस्ता, ओली पानं, तुटलेल्या काटक्या. वेगात नव्हती. ती म्हणते, खालून कड असा आवाज आला आणि पुढचं चाक थांबलं. सायकल थांबली, ती थांबली नाही. हँडलवरून पुढे गेली आणि उजवा हात टेकून पडली. मागून येणारी स्कूटर वेळेवर थांबली. हे वाक्य मी दर वेळी घाईघाईने लिहितो आणि पुढे जातो.

मी पोचलो तेव्हा ती फुटपाथवर बसली होती, मनगट मांडीवर ठेवून. मनगटाला एक नवीनच वळण आलेलं. सायकल एका काकांनी झाडाला टेकवून ठेवली होती. मी एक नजर टाकली आणि समजलं. बोटाएवढी जाड एक काटकी टायर आणि मडगार्डमध्ये होती. चाकाने तिला खालून आत घेतलं, तिथे फट मोठी होती, आणि वर नेलं, तिथे फट लहान होती. काटकी अडकली, तिने मडगार्डला पकडलं, चाकाने दोघांना मिळून वर ओढलं. मडगार्ड टायर आणि फोर्कच्या मध्ये घडी होऊन बसलं, सळया वाकून चाकाखाली आल्या. होज क्लिपा जागच्या हलल्या नव्हत्या. माझं काम चांगलं होतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. पूर्वपरीक्षा पाचव्या आठवड्यात.

अण्णा रात्रीच्या गाडीने आले. सकाळी सातला खोलीवर पोचले, धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, चहा घेतला आणि मला म्हणाले, "सायकल कुठंय?"

पार्किंगमध्ये खांबाला टेकवलेली होती. मी मधल्या वेळात ती उघडून पाहिली नव्हती, तशीच आणून ठेवली होती. अण्णा धोतराचा सोगा सावरत उकिडवे बसले. पुढचं चाक थोडं उचललं. वाकलेलं मडगार्ड हाताने दाबून होतं त्या जागी धरलं आणि दुसऱ्या हाताची तर्जनी खालून आत घातली. दोन पेरं गेली. मग अडकली. त्यांनी ती तशीच अडकवून ठेवली आणि माझ्याकडे वर बघितलं. रागाने नाही. गणित चुकलेल्या पोराकडे मास्तर बघतो तसं, म्हणजे कुठल्या पायरीला चुकलं ते शोधत.

"घालून बघितलं नव्हतंस."

"नाही."

ते पुढे काही बोलले नाहीत. त्या पंधरा दिवसांत त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. मला वाटतं त्यांनी ओरडायला हवं होतं.

धाकटीने काढला. चौथ्या-पाचव्या दिवशी, मी तिची वेणी घालायचा अत्यंत वाईट प्रयत्न करत होतो तेव्हा. "तू अंगठा पाठवला होतास," ती म्हणाली. "मी बघितला होता ग्रुपवर." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "घट्ट घालू नको, दुखतं." आजही मला कळलेलं नाही की ते वेणीबद्दल होतं की नाही.

ती डाव्या हाताने गोल भरायचा सराव करायची. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून, घड्याळ लावून. सुरुवातीला एका गोलाला सात-आठ सेकंद, मग पाच, मग चार. अण्णा शेजारी बसून घड्याळ धरायचे. मी ऑफिसला जायचो.

एका रविवारी अण्णा म्हणाले, "चल, ते नीट करू."

मी म्हणालो, काढूनच टाकू. पुढचं तरी. नुसतं मागचं ठेवू.

"अन् पाय भिजवत बसायचं तिनं दिवसभर अभ्यासिकेत? इथं काळी माती आहे का?" मग थोडं थांबून, "मडगार्डची चूक नाही ती."

नवं मडगार्ड मी आधीच आणून ठेवलं होतं, फट जास्त ठेवता येईल असं. वर पुलाखाली ते सपाट करायला लागलं. अण्णांनी तिथला भाग उकळत्या पाण्याच्या फडक्याने शेकून हळूहळू दाबला. सळया या वेळी लांब ठेवल्या. खालचं टोक टायरच्या थोडं जवळ आणि वर जाताना फट वाढत गेलेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, दार लहान ठेवायचं आणि घर मोठं. जे दारातून आत येईल ते आत अडकायला नको. माझं नेमकं उलटं होतं. बाजूने पाहिलं तर आता ते खरोखर दूधवाल्याच्या सायकलीसारखं दिसत होतं. बोट सगळीकडून जात होतं. आधी अण्णांनी घालून पाहिलं, मग मला घालायला लावलं.

मग सळया फोर्कला बांधायची वेळ आली. मी नव्या होज क्लिपा काढल्या. अण्णांनी एक क्लिप हातात घेतली, बोटांनी वाकवून पाहिली. "ही तुटते का?"

"नाही. म्हणून तर आणली."

"तुटली पाहिजे," ते म्हणाले.

मला त्या आठवड्यात वाचून कळलं होतं की चांगल्या मडगार्डच्या संचांत पुढच्या सळयांना मुद्दाम सुटणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा देतात. काही अडकलं की सळई खटकन निघते, मडगार्ड बाजूला होतं आणि चाक फिरत राहतं. माझ्या स्वतःच्या सायकलच्या संचात त्या होत्या. मला तेव्हा त्या कमकुवत वाटल्या होत्या. धाकटीच्या फोर्कला भोकंच नसल्यामुळे त्या बसणार नव्हत्या. अण्णांनी हे काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या खोक्यातून वायरी बांधायचे प्लास्टिकचे टाय काढले. जाड टाय बाजूला ठेवले, सगळ्यात बारीक घेतले. फोर्कच्या पायाला ट्यूबचा तुकडा गुंडाळला, घसरू नये म्हणून, आणि त्यावर सळई एकाच बारीक टायने बांधली. दोन्ही बाजूंना एकेक. हलवून पाहिलं, मडगार्ड जरा थरथरत होतं. मला ते थरथरणं बघवेना.

"आता चाक फिरव," अण्णा म्हणाले.

मी पुढचं चाक उचलून धरलं आणि हाताने जोरात फिरवलं. अण्णांनी बाहेरून आणलेली काटकी खालून आत सारली. कड. एक टाय तुटला, मग दुसरा, मडगार्ड पुढे उडून लोंबकळलं, काटकी बाहेर पडली, चाक फिरतच राहिलं. माझा हात सुटता सुटता राहिला. अण्णांनी नवे टाय बांधले. पुन्हा. कड. पुन्हा बांधले. तिसऱ्या वेळी काटकी जरा जाड घेतली, ती दारातूनच आत गेली नाही, झालरीवर आपटून खाली पडली. अण्णांना यावर फार आनंद झाला. पार्किंगच्या पायरीवर धाकटी प्लास्टरचा हात ओढणीत अडकवून बसली होती. "अण्णा, सगळे टाय संपवाल," ती म्हणाली.

मागच्या मडगार्डच्या टोकाला अण्णांनी पांढरा रंग लावला. मी म्हणालो, लाल रिफ्लेक्टर आहे की. ते म्हणाले, असू दे.

ती परीक्षेला बसली. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या उजव्या बोटांनी कागद दाबून धरायचा आणि डाव्या हाताने गोल. वेळ पुरला असं ती म्हणाली. कटऑफ हुकला. किती मार्कांनी हुकला ते तिने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. अण्णांना माहीत आहे असं मला वाटतं. तसंही हुकलं असतं, असं आई एकदा फोनवर म्हणाली. आई मला बरं वाटावं म्हणून म्हणाली हे कळण्याइतका मी मोठा आहे.

मनगट जुळलं, पण पूर्ण वळत नाही. दाराची कडी वरून खाली फिरवताना ती कोपर वर उचलते. सायकल तिने सहा महिने चालवली नाही. पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती, पांढऱ्या रंगासकट. दिवाळीनंतर कधीतरी मी हवा भरून ठेवली, जानेवारीत पुन्हा भरली. फेब्रुवारीत एका सकाळी खाली गेलो तर जागा रिकामी होती.

या पावसाळ्यात ती सदाशिव पेठेतच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. क्लासला आणि अभ्यासिकेला सायकलनेच जाते. परवा ऑफिसात असताना तिचा मेसेज आला.

"बारीक टाय कुठे मिळतात?"

मी लगेच फोन केला. तिने कट केला, अभ्यासिकेत होती.

"का? काय झालं?" मी लिहिलं.

"तुटले."

"पडलीस?"

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग,

"नाही. रविवारी येताना पाकीट आण. बारीक."